वरचं दूध देताना: डबा किती दिवस जातो?

एका आईचा प्रश्न: "माझं बाळ सात आठवड्यांचं आहे. जन्मलं तेव्हा २.८ किलो होतं, परवा लसीला नेलं तेव्हा ३.९ भरलं. सध्या अंगावरच पितं. पण संध्याकाळी फार रडतं, म्हणून सासूबाई म्हणतात की तुझं दूध पुरत नाही, डबा सुरू कर. दीड महिन्याने मला कामावर जायचंय, तेव्हा वरचं दूध लागणारच. मेडिकलवाल्याने एक नंबर, दोन नंबर असे डबे दाखवले. नणंद अमेरिकेहून दोन मोठे डबे आणतेय. कुठली पावडर घेऊ, कशी बनवू, किती देऊ, आणि दोन नंबर कधी सुरू करू?"

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात, ती म्हणजे बाळाचं वजन. पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. तिथून पुढे तीन महिन्यांपर्यंत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ झाली की आम्ही बालरोगतज्ज्ञ निश्चिंत असतो. तुमचं बाळ दहाव्या दिवशी २.८ वर आलं असं धरू. त्यानंतरच्या साधारण ३९ दिवसांत ते ११०० ग्रॅमने वाढलंय, म्हणजे दिवसाला २८ ग्रॅम. हे सगळं तुमच्या दुधावर वाढलेलं वजन आहे. तुमचं दूध बाळाला पुरतंय.

हा हिशोब कागदावर मांडून सासूबाईंना दाखवा. त्यांची काळजी खोटी नाही. सहा-सात आठवड्यांचं बाळ दिवेलागणीला रडतं तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव कासावीस होतो. पण याच वयात बाळाचं रडणं सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप ओसरतं. संध्याकाळी बाळ अर्ध्या अर्ध्या तासाला प्यायला मागतं, तेही दूध आटलं म्हणून नव्हे. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होताहेत, लघवी पिवळीजर्द नाही, बाळ जागं असताना तरतरीत आहे आणि वजन वाढतंय, एवढं पुरे. छाती हाताला मऊ लागते किंवा दाबून दूध येत नाही, यावरून काहीही ठरवू नका.

रडण्यावर उपाय म्हणून डबा उघडला की काय होतं, ते मी वर्षानुवर्षं बघत आलेय. संध्याकाळचं एक पाजणं डब्यावर जातं. त्या वेळी छाती रिकामी होत नाही, म्हणून दूध तेवढं कमी तयार होतं. मग रात्रीचं पाजणंही डब्यावर जातं आणि महिन्याभरात "दूध आटलं" हे खरं ठरतं. पान्हा मागणीवर चालतो. म्हणून कामावर जाईपर्यंतचे हे सहा आठवडे डबा आणू नका.

आता कामाचं. खाजगी नोकरी असेल आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. अट अशी, की प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस तिथे काम झालेलं असावं. कंत्राटावर असलात तरी एकदा लेखी विचारा. साडेतीन महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून निघालेल्या कितीतरी मुली मला भेटतात, ज्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

रजा नाहीच मिळाली, तर पहिला पर्याय तुमचंच काढून ठेवलेलं दूध. निघण्याआधी दोन आठवडे सकाळच्या वेळी, छाती भरलेली असते तेव्हा, हाताने किंवा पंपाने थोडं थोडं काढायची सवय करा. स्टीलच्या किंवा काचेच्या, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात ते ठेवा. खोली गार असेल तर बाहेर चार तास चालतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी बाहेर ठेवू देत नाही, सरळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगते, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, आणि २४ तासांत संपवायला सांगते. ते तापवायचं नाही. भांडं कोमट पाण्यात धरून बाळाला पाजायचं. त्यातून दिवसाची एक-दोन पाजणी निघाली तरी वरच्या दुधाचा भार तेवढा हलका होतो.

एवढं करूनही कमी पडलं, तर डबा आणा आणि मनात अपराधीपणा ठेवू नका. जुळी मुलं, आईचं गंभीर आजारपण, काही विशिष्ट औषधं, आई हयात नसणं, दत्तक बाळ, अशा घरांत पावडरचं दूध बाळाला जगवतं, वाढवतं. अगदी कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी काही रुग्णालयांत दुसऱ्या आयांनी दिलेलं दूधही मिळतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातच सुरू झाली. घरच्या निरोगी बाळासाठी मात्र हे दूध नसतं, ते आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी राखलेलं असतं.

कुठली पावडर, याचं उत्तर देताना मी कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही. आपल्याकडे १९९२ पासून बाळाच्या दुधाबद्दल खास कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूध-पावडरची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही. दुकानात बघा, डब्यावर गुटगुटीत बाळ कुठेच दिसणार नाही. प्रसूतीनंतर कुणी तुमच्या हातात फुकट डबा दिला असेल, तर तो देणाऱ्याने कायदा मोडलाय.

पण नाव न घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या सगळ्या पावडरींना उष्मांक, प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं यांची एकच सरकारी चौकट पाळावी लागते. म्हणून स्वस्त डबा आणि महाग डबा यांत बाळाच्या वाढीच्या दृष्टीने फार थोडा फरक असतो. महाग डब्यावर मेंदूसाठी अमुक आणि पचनासाठी तमुक लिहिलेलं असतं. त्यासाठी दुप्पट पैसे मोजून पुढे पावडर पुरवून पुरवून वापरायची वेळ येणार असेल, तर स्वस्तातला डबा घ्या आणि बाळाला पोटभर द्या. घेताना एवढंच बघा: जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतची म्हणजे एक नंबरची पावडर असावी, गाईच्या दुधापासून बनवलेली साधी असावी, सील शाबूत असावं, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक छापलेला असावा आणि मुदत निदान चार-सहा महिने पुढची असावी. डबा चेपलेला किंवा फुगलेला असेल तर परत करा.

साधं गाईचं, म्हशीचं, बकरीचं किंवा पिशवीचं दूध मुख्य दूध म्हणून वर्ष होईपर्यंत नको. गाईच्या दुधात प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपण्यापेक्षा जास्त असतात, लोह जवळजवळ नसतं, आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत थोडं थोडं रक्तही जात राहतं. सात-आठ महिन्यांची, अंगाने गोल पण पांढरीफटक पडलेली बाळं माझ्याकडे येतात, त्यांच्या घरी चौकशी केली की गाईचं दूध निघतं. पाणी घालून पातळ केल्याने ते बाळाचं दूध होत नाही. उष्मांक तेवढे घटतात आणि लोह वाढत नाही. बकरीच्या दुधात फॉलिक ॲसिड फार कमी असतं. चहासाठीची दूध-पावडर आणि गोड आटवलेलं डब्यातलं दूध तर बाळाच्या आसपासही नको. चहाच्या पावडरचा डबा आणि बाळाचा डबा दिसायला सारखे असतात, म्हणून घरात दुसऱ्या कुणाला आणायला पाठवाल तेव्हा रिकामा डबा सोबत द्या.

खास पावडरींबद्दल थोडक्यात. बिनलॅक्टोजची (म्हणजे दुधातली साखर नसलेली), सोयाची, प्रथिनं तोडलेली, कमी दिवसांच्या बाळाची, या सगळ्या औषधासारख्या आहेत. डॉक्टरांनी निदान करून लिहून दिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. बाळ गुळणी टाकतं किंवा वायू सोडतं म्हणून पावडर बदलत राहू नका. शीमध्ये रक्त दिसलं, अंगावर चट्टे उठले, वजन थांबलं, तर मात्र गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तिथे बिनलॅक्टोजची पावडर उपयोगाची नाही, कारण ॲलर्जी प्रथिनांची असते, साखरेची नव्हे. ही गफलत दुकानदारांच्या सल्ल्याने पुष्कळ होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्याकडे वरच्या दुधावरचं बाळ आलं की "कुठला डबा देता" हे मी मागाहून विचारते. आधी विचारते, "डबा किती दिवस जातो?"

बऱ्याच वर्षांपूर्वी तीन महिन्यांचं एक बाळ झटके येऊन दाखल झालं. ताप नाही, डोक्याला मार नाही. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, ११८ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. आई प्रसूतीनंतर लगेच शेतमजुरीला जायला लागली होती आणि बाळ पूर्णपणे पावडरवर होतं. मी आजींना विचारलं, डबा किती दिवस जातो? "पंधरा दिवस ओढते कशीतरी," त्या म्हणाल्या. काटकसरीने घर चालवणाऱ्या बाईच्या तोंडी शोभेल तसंच, थोडं अभिमानाने. बाळ सावरल्यावर मी त्यांना वॉर्डातच दूध बनवून दाखवायला सांगितलं. त्यांनी बाटलीत १२० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं, डब्यात चमचा घातला, कडेवर आपटून अर्धा केला आणि असे दोन अर्धे चमचे टाकले. "पचायला हलकं बरं," म्हणाल्या. त्यात चार चमचे सपाट भरून पडायला हवे होते. बाळ पोटभर पीत होतं, पण ते बहुतेक पाणीच होतं. त्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ झालं आणि मेंदूला सूज आली. आजींनी त्या बाळाला जिवापाड सांभाळलं होतं. चमचा कसा भरायचा, हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

हिशोब असा आहे. १०० मिली दुधाला साधारण १३ ते १४ ग्रॅम पावडर लागते. पूर्णपणे वरच्या दुधावर असलेलं चार किलोचं बाळ दिवसाला सुमारे ६०० मिली पितं, म्हणजे ८० ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा पाच दिवसांत संपायला हवा. पाच किलोच्या बाळाचा चार दिवसांत. महिन्याला सहा ते आठ डबे. तुमचं बाळ अर्धं अंगावर, अर्धं डब्यावर असेल तर याच्या निम्मे. कामावर जायच्या आधी या संख्येला किमतीने गुणून बघा. परवडत नसेल तर दूध काढून ठेवण्यावर जास्त जोर द्या, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पण पातळ करून डबा ताणू नका.

चमचा कसा भरायचा, ते नीट सांगते. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत एक सपाट चमचा पावडर ३० मिली पाण्याला असते. चमचा सैल भरायचा, दाबायचा नाही, कडेवर आपटायचा नाही. उकळून वाळवलेल्या सुरीच्या पाठीने वरचा ढीग सरळ खाली ढकलायचा. आधी पाणी मोजायचं, मग पावडर टाकायची. हा क्रम उलटला तर दूध दाट होतं, कारण पावडरही जागा व्यापते. ६० मिली पाणी आणि दोन चमचे मिळून दूध ६० च्या वर भरतं, ते तसंच असायला हवं. आधी पावडर टाकून मग ६० च्या रेघेपर्यंत पाणी ओतलं तर पाणी कमी पडतं. दाट दूध पातळ दुधाइतकंच वाईट. त्याने बाळाच्या अंगातलं पाणी खेचलं जातं, रक्तात मीठ वाढतं, शी घट्ट होते. "जरा दाट दे, रात्रभर झोपेल" हा सल्ला ऐकू नका. अर्धा चमचा पावडर असा प्रकारच करू नका. ३०, ६०, ९० अशीच मापं ठेवा.

नणंदेच्या डब्यांचं इथेच बोलते. अमेरिकेतल्या बऱ्याच पावडरींत एक चमचा दोन औंस म्हणजे सुमारे ६० मिली पाण्याला असतो. तिथला चमचा मोठा असतो. तो चमचा धुऊन आपल्या डब्यात टाकला आणि ३० मिलीला एक या हिशोबाने वापरला, तर दूध दुप्पट दाट होईल. उलट केलं तर निम्मं पातळ. चमचा त्या त्या डब्याचाच वापरायचा, डबा संपला की चमचाही फेकायचा. आपल्याकडे पावडर पुष्कळदा पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पाकिटात मिळते. ती घरच्या डब्यात ओतली तर खोक्यावरचं प्रमाण आणि मुदत कापून त्या डब्यावर चिकटवा. नणंदेचे डबे वापरायला हरकत नाही, पण ते संपल्यावर इथली पावडर सुरू होईल त्या दिवशी प्रमाण नव्याने वाचा आणि बाळाला सांभाळणाऱ्या माणसाला समोर बसवून समजावा.

परदेशी डबा जास्त स्वच्छ, असाही एक समज आहे. पावडर कुठल्याही देशातली असो, ती निर्जंतुक नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधला एक मोठा कारखाना क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू आवारात सापडल्यावर बंद ठेवावा लागला होता, आणि देशभर पावडरचा तुटवडा झाला. हा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने टिकतो. त्याचा आजार दुर्मिळ आहे, पण दोन महिन्यांच्या आतल्या आणि कमी दिवसांच्या बाळांत तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणात पोचतो. म्हणून पाणी किती गरम, याला महत्त्व आहे.

आपल्या डब्यांवर बहुतेक वेळा "उकळून कोमट केलेलं पाणी" असं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ पासून सांगितलंय की पावडर मिसळताना पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं नसावं, कारण त्या उष्णतेने पावडरीतले जंतू मरतात. कोमट पाण्यात ते मरत नाहीत, उलट वाढतात. मी माझ्या सगळ्या आयांना गरम पाण्याची पद्धत सांगते. लिटरभर पाणी खळखळून उकळा, झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, तोवर ते ७० च्या वर असतं. कपभर पाणी उकळलं तर ते पाच-सात मिनिटांत निवतं, म्हणून भांडं मोठं हवं. गरम पाणी मोजून घ्या, पावडर टाका, झाकण लावून हलवा, मग बाटली किंवा भांडं थंड पाण्याच्या पातेल्यात धरून निववा. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघा. गरमही नाही आणि गारही नाही, असं लागलं पाहिजे. या पायरीत चुकलात तर बाळाचं तोंड भाजेल, म्हणून ती कधीही गाळू नका. मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करू नका. भांडं गार लागतं आणि मधला घोट कढत निघतो.

पाणी कुठलं? नळाचं किंवा घरच्या फिल्टरचं, पण उकळलेलंच. बाटलीबंद पाणीही उकळायचं. बोअरवेलच्या पाण्याबद्दल मात्र सावध राहा. विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी त्यात नायट्रेट जास्त असतं आणि ते उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. लहान बाळाचं रक्त अशा पाण्याने प्राणवायू नीट वाहू शकत नाही, ओठ-नखं निळसर पडतात. तुमच्या घरी बोअरचंच पाणी असेल, तर पाण्याची तपासणी करून घ्या आणि तोवर बाळासाठी दुसरं पाणी आणा.

दूध दर वेळी ताजं बनवा. बनवलेलं दूध दोन तासांत संपलं पाहिजे. बाळाने तोंड लावलेलं एका तासानंतर ओतून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. त्यात लाळ गेलेली असते आणि आपल्या हवेत ते झपाट्याने नासतं. रात्रीसाठी चांगला थर्मास घ्या. झोपताना त्यात उकळतं पाणी भरा, मोजलेली पावडर छोट्या कोरड्या डबीत वेगळी ठेवा, बाळ उठलं की दोन्ही एकत्र करा. प्रवासातही हेच. दूध बनवून थर्मासमध्ये भरून ठेवणं म्हणजे जंतूंना ऊब देणं. पावसाळ्यात पावडरीचे गोळे होतात, म्हणून डबा चुलीपासून आणि ओट्यापासून दूर, कोरड्या फडताळात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे दमट होतो. उघडल्याची तारीख डब्यावर पेनाने लिहा आणि तीन-चार आठवड्यांत संपला नाही तर टाकून द्या.

पाजायचं कशाने? माझा आग्रह वाटी-चमच्याचा किंवा बोंडल्याचा. बोंडलं घरात असेल तर काढा, खाचेत साचलेला काळा थर ब्रशने घासा आणि उकळा. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची, थोडं दूध आलं की थांबायचं, गिळलं की पुढचा घोट. आडवं धरून ओतायचं नाही, ठसका लागतो. बाटलीची सवय लागली तर काही बाळं छाती नाकारतात, आणि बुचाच्या आतल्या कडेला साय चिकटून राहते, ती पटकन निघत नाही. बाटलीच वापरणार असाल तर निदान तीन ठेवा. प्रत्येक वेळी ब्रशने घासून, साबणाने धुऊन, सगळे भाग पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. उशीला टेकवून बाटली बाळाच्या तोंडात ठेवून कुणीही उठून जायचं नाही.

किती द्यायचं, याचा अंदाज वजनावरून घेता येतो. पूर्ण वरच्या दुधावर असेल तर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिली. तुमचं बाळ कामावर जाताना साधारण पाच किलोचं असेल, म्हणजे दिवसाला ७५० मिली आणि एका वेळी १०० ते १२० मिली. तुम्ही आठ तास बाहेर असाल, तर त्या वेळात तीन पाजणी पुरतील. आल्यावर, रात्री आणि सकाळी अंगावरच पाजा, सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस पाजा. हा आकडा अंदाजाचा आहे. बाळ तोंड फिरवतं, हात सैल सोडतं, तेव्हा ते संपवण्याचा आग्रह धरू नका. बाळ मुठी चोखतं, मान वळवून तोंड उघडतं, तेव्हा भूक लागलेली असते. रडायला लागेपर्यंत थांबू नका.

दुधात साखर, मध, बिस्कीट, भाताची पेज, काहीही घालायचं नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको, त्यातल्या जंतूच्या बीजांनी बाळाला लुळेपणा येऊ शकतो. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी नको. वरून पाणीही नको, उन्हाळ्यातही नको. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र वर्षभर रोज ४०० युनिट हवेत, अंगावर पिणाऱ्या बाळालाही आणि पावडरवरच्या बाळालाही.

पावडर सुरू झाली की शी घट्टसर होईल, कमी वेळा होईल, वासही बदलेल. लोहामुळे ती हिरवट दिसली तर घाबरू नका. जुलाब लागले तरी दूध पातळ करायचं नाही, नेहमीच्याच प्रमाणात द्यायचं आणि डॉक्टरांना विचारून मीठ-साखरेचं तयार पाकीट सुरू करायचं. तीन महिन्यांच्या आत ताप आला, हिरवी उलटी झाली, दूध कारंज्यासारखं दूर उडालं, शीमध्ये रक्त दिसलं, टाळू खोल गेली, लघवी कमी झाली किंवा बाळ उठवूनही उठेना, तर दिवस-रात्र न बघता दवाखाना गाठा.

दोन नंबर. सहा महिन्यांच्या आत तो अजिबात नको. सहा महिन्यांनंतरही तो लागतोच असं नाही. १९८६ सालीच जागतिक आरोग्य सभेने अशा पुढच्या टप्प्याच्या दुधाची गरज नसल्याचं म्हटलं होतं. एक नंबरची पावडर वर्षापर्यंत चालते. सहा महिन्यांनंतर बाळाला खरी गरज असते ती घट्ट जेवणाची: मऊ मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, वरण-भात, अंडं. वर्ष झालं की तीन नंबर, चार नंबर कशालाच पैसे घालू नका. त्यांत पुष्कळदा साखर घातलेली असते, घटकांची यादी वाचलीत तर दिसेल. वर्षानंतर घरातलं साधं तापवलेलं दूध पेल्याने, दिवसाला ४०० ते ५०० मिलीपर्यंत पुरे. याहून जास्त दिलं तर मूल जेवत नाही आणि लोह कमी पडतं. बाटली वापरत असाल तर ती याच सुमाराला बंद करा. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू द्या.

तुमची पुढची लस दहाव्या आठवड्याला आणि त्यापुढची चौदाव्या आठवड्याला येईल. दोन्ही वेळा कपडे काढून वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. चौदाव्या आठवड्याला जाताना, तोवर डबा आणला असेल तर तो डबा, त्याचा चमचा आणि बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाई, तिघांनाही सोबत न्या. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मागून घ्या आणि त्यांच्या टेबलावर सासूबाईंच्या हाताने एकदा दूध बनवून दाखवा.